इंझोरी फाट्याला उतरावं लागतं

मानोरा,
११ डिसेंबर २०२४

जब्बार, सलाम.

तू राम राम घालायचास आणि मी सलाम. अकरा वर्षं एका गाडीवर काढली, तू स्टिअरिंगवर आणि मी तिकिटांची पेटी घेऊन मागं, पण सकाळची ही अदलाबदल एकदाही चुकली नाही. डेपोतले लोक म्हणायचे, या दोघांचं सगळं उलटंच आहे. आपली जोडी तुटली त्याला आता एकोणीस वर्षं होत आली. तेव्हापासून मला सकाळी कुणी नीट राम राम घातलेला नाही. आता तर सगळे मोबाइलवर गुड मॉर्निंगचं फूल पाठवतात.

तीन फोन केले तुला. तिन्ही वेळा तुझ्या अनमनं उचलले आणि तिन्ही वेळा अब्बा नमाजला गेलेत म्हणाली. तिसरा फोन सकाळी दहाला केला होता. तुझ्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर सकाळी दहाला कोणती नमाज असते, एवढं मलाही कळतं. तुझा नांदेडचा पत्ता तिनंच दिला. तिच्यावर रागावू नकोस. पोरगी गुणाची आहे, फक्त खोटं बोलताना घड्याळ बघत नाही.

म्हणून हे पत्र. तू सातवीपर्यंत इंझोरीच्या मराठी शाळेत होतास, तेव्हा वाचता आलं नाही हे कारण चालणार नाही. चष्मा सापडला नाही म्हणालास तर ते मी समजून घेईन.

पत्राला कारण तसं आनंदाचं आहे. हरीओमची बायको वर्षाराणी कारंज्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रोज आपल्याच रस्त्यानं अप-डाउन करते, मानोरा ते कारंजा आणि परत. दिवाळीनंतर एकदा जेवताना मी नेहमीसारखं रस्त्यावरचं काहीतरी सांगत बसलो होतो. हरीओम म्हणाला, "बाबा, हे शंभरदा सांगून झालं." सून मात्र जेवायची थांबली. तिचं म्हणणं असं की गाडीत सगळे माना खाली घालून मोबाइल बघतात, खिडकीबाहेर कुणी पाहत नाही. तर मग गोष्टी मोबाइलमध्येच घालू, पण अशा घालू की त्यांना बाहेर बघावंच लागेल.

मी म्हटलं, मोबाइलमध्ये गोष्टी काय कमी आहेत? त्यावर तिनं मला समजावलं. त्या गोष्टी कुठंही लोळत ऐकता येतात. ही गोष्ट जिथली आहे तिथंच ऐकू येईल. मोबाइलला आपण कुठं उभे आहोत ते कळत असतं. गाडी फाट्यावर आली की त्या फाट्याची गोष्ट आपोआप उघडते, त्याआधी कितीही बोट दाबलं तरी कुलूप. आणि गोष्ट संपली की माझा आवाज विचारतो, "उतरता, की पुढं?" 'उतरतो' दाबलं तर गोष्ट त्या गावात शिरते. 'पुढं' दाबलं तर गाडीबरोबर राहते. शेजारी बसलेल्या दोघांना एकाच रस्त्यावर दोन गोष्टी ऐकू येतात. तिनं त्याला नाव दिलंय 'डबल बेल'.

आवाज माझा, जब्बार. तीस वर्षं ज्या आवाजानं "पुढं सरका, पुढं सरका" म्हटलं तोच. सून मला धान्याच्या खोलीत गव्हाच्या पोत्यांमध्ये बसवते, वरून गोधडी टाकते, आणि आत बसून मी घाम पुसत गोष्टी सांगतो. अशानं बाहेरचा आवाज येत नाही म्हणे. तुझ्या वहिनीनं पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि ताप किती आहे असं विचारलं.

कारंजा ते मानोरा आठ थांबे धरलेत. सात बोलतात. इंझोरी फाटा तेवढा मुका आहे. सुनेनं विचारलं, "बाबा, इंझोरीले काहून काही नाही?" मी म्हटलं, तिथं सांगण्यासारखं काही घडलंच नाही. तिला गोधडीची घडी घालायची होती, ती घालत बसली.

एकदा येऊन ऐकून जा. नांदेड काही विलायत नाही.

तुझा,
जगदेव


मानोरा,
५ जानेवारी २०२५

जब्बार, सलाम.

उत्तर आलं नाही. हरकत नाही, तू घाटात ओव्हरटेकसुद्धा कधी घाईनं केलं नाहीस.

आमच्या 'डबल बेल'नं पंचाईत केली होती, ती सांगतो. गोष्ट आहे रूपलाची. तुला आठवेल, रामनवमीच्या जत्रेला पोहरादेवीला निघालेली ती तांड्यावरची बाई, मांडीवर भोगाच्या तुपाचा डबा घेऊन बसलेली. पाणी प्यायला म्हणून उतरली आणि आपण निघालो, ती मागं आणि डबा गाडीत. आपण पुढच्या थांब्यावर थांबून राहिलो आणि ती मागून ट्रॅक्टरवर आली, एवढंच खरं. गोष्टीत मी ते लांबवलंय. 'उतरतो' दाबणारा रूपलाबरोबर अनवाणी चालतो, तिचं बोलणं ऐकतो. 'पुढं' दाबणारा डब्याबरोबर जातो, आणि गाडीतला एकेक माणूस त्या डब्याशी कसा वागतो ते बघतो. दोघांची गाठ शेवटी पोहरादेवीला पडते. सून म्हणाली, छान आहे, पण गाडी सुटल्याचा आवाज पाहिजे. मी कुठूनतरी जुन्या गाडीची घंटी पैदा केली आणि टण टण वाजवून दिली.

मागच्या सोमवारी एका पोरानं कानात वायर न घालता मोठ्या आवाजात ती गोष्ट लावली. गाडी रूपला उतरली होती त्याच फाट्यावर उभी. देवला नावाचा कंडक्टर खाली उतरून एका म्हातारीचं पोतं टपावरून काढत होता. तेवढ्यात मोबाइलमध्ये रूपला उतरली आणि माझी घंटी वाजली, टण टण. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि गाडी निघाली. देवला पोतं खांद्यावर घेऊन रस्त्यात. मोटरसायकलवर मागं बसून त्यानं मानोऱ्यात गाडी गाठली, आणि ड्रायव्हर त्यालाच विचारतोय, "बेल देऊन तू खाली काहून राह्यला?"

संध्याकाळी देवला घरी आला. मला वाटलं भांडायला आला. तर चहा पिऊन म्हणाला, "काका, तुमची घंटी लई खरी वाजते." घंटी काढून टाकली त्याच दिवशी. पण दोन दिवस मी आठवून आठवून हसलो, आणि हसताना दर वेळी वाटायचं की हे जब्बारला सांगितलं पाहिजे.

मग हसू थांबलं. कारण त्या ड्रायव्हरचं काय चुकलं? डबल बेल म्हणजे निघायचं. मागं दार कंडक्टर बघतो, रस्ता ड्रायव्हर बघतो. बेलचा शब्द कंडक्टरचा, तिथं ड्रायव्हर विचारत बसत नाही. हे तू मला पहिल्या दिवशी शिकवलं होतंस.

सून परवा म्हणाली, "बाबा, तुमच्या साऱ्या गोष्टीत कोनी ना कोनी मागंच राह्यते." मी म्हटलं, प्रवासात राहतातच माणसं. ती म्हणाली, "सातही थांब्यावर?"

तेव्हा आता इंझोरीचं बोलतो. दोघांनाही पाठ आहे, तरी एकदा लिहितो.

तुझी अम्मा, कमरुन्निसाबी, रोज बाराच्या गाडीला इंझोरी फाट्यावर निंबाखाली यायची. तू तिला कारंज्याला राहायला ये म्हणायचास, पण तिला तिची गल्ली सोडवत नव्हती. तीन वाट्यांचा डबा. वरच्या दोन तुझ्या, खालची माझी. तुझ्या वाट्यांत काय असायचं ते मी विचारलं नाही. माझ्या वाटीत अंबाडीची भाजी, कधी झुणका, आणि गुरुवारी माझा उपास म्हणून साबुदाण्याची उसळ. मुसलमानाच्या घरात दर बुधवारी रात्री साबुदाणा भिजायचा. गाडी अर्धं मिनिट थांबायची, डबा खिडकीतून तुझ्या हातात, कालचा रिकामा तिच्या हातात, आणि मी बेल द्यायचो.

त्या दिवशीही गुरुवार होता, नवमीच्या आधीचा. गाडी दारापर्यंत भरलेली. उशीर झालेला. फाट्यावर दोन उतरले, चार चढले, धूळ उडालेली. मी बेल दिली आणि तू निघालास. मला अम्मा दिसली नाही. दुसऱ्या दिवसापासून आपल्याला जत्रेच्या जादा गाड्यांवर दिग्रसकडं टाकलं. नवमीच्या आदल्या दिवशी अम्मा गेली. त्या गुरुवारनंतर तुझी तिची भेट झाली नाही.

कबरस्तानाबाहेर तू मला एकच विचारलंस, "जगदेव, तुले दिसली होती का?" मी नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात तू दुसरा कंडक्टर मागून घेतलास.

मी तेव्हाही हेच सांगितलं आणि आजही हेच लिहितो.

जगदेव


मानोरा,
२ फेब्रुवारी २०२५

जब्बार, सलाम.

गेल्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. कोणतं ते तुला ठाऊक असणार.

ते खरं करायला मी इंझोरी फाट्यावर गेलो. एकोणीस वर्षांत तिथून हजारदा गेलो असेन, उतरलो कधी नाही. निवृत्त झाल्यावरही त्या फाट्याला निंब आहे त्याच्या उलट्या हाताला बघायची सवय सुटली नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा थांबा पुढं सरकला. नवी शेड झाली, तिच्यावर कुणाकुणाच्या वाढदिवसाचे बोर्ड लागलेत. निंब मात्र जुन्याच जागी आहे, शेडपासून दोनशे पावलं मागं, लखीरामच्या चहाच्या टपरीला लागून. लखीराम अजून आहे. केस पांढरे झालेत, चहा तसाच गोड.

या वेळी गोधडी नाही, गव्हाची पोती नाहीत. निंबाखाली उभा राहून मोबाइलमध्ये बोललो. सहा वेळा ट्रकनं बिघडवलं. सातव्यांदा पूर्ण झालं. लखीराम टपरीतून बघत होता. शेवटी आला आणि हळू आवाजात विचारलं, "भौ, सारं ठीक हाय ना? कोनाशी बोलून राह्यले?" मी म्हटलं, जुन्या ड्रायव्हरशी.

घरी आलो तर सुनेशी खडाजंगी. तिनं नकाशावर टाचणी नव्या शेडजवळ लावली होती आणि भोवती मोठं वर्तुळ काढलं होतं, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या ऐकू यावं. मी म्हटलं, टाचणी निंबाखाली लाव आणि वर्तुळ दहा पावलांचं ठेव.

"मंग गाडीतल्याले ऐकूच येनार नाही, बाबा."

"नको येऊ दे."

"दोनशे पावलं मागं चालत कोन जाईन? तुमी कोनासाठी करून राह्यले हे?"

मी नकाशावर निंबाच्या जागी बोट ठेवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि टाचणी हलवली. हुशार आहे. सासऱ्याचं कुठं दुखतं ते विचारत नाही, पण हात बरोबर तिथंच ठेवते.

काय बोललो ते इथं लिहीत नाही. कागदावर लिहिलं तर तू ते पलंगावर पाय पसरून वाचशील. ते अम्मा जिथं उभी राहायची तिथं उभं राहूनच ऐकायचं आहे. मला ते एकदा तुझ्यापर्यंत पोचवायचं आहे, जब्बार. मी बहात्तरचा झालो, तू चौऱ्याहत्तरचा. आपल्यापैकी कुणीही आता कधीही शेवटच्या थांब्यावर उतरू शकतो, आणि ते न सांगता मला उतरायचं नाही.

सुनेनं तिथं एक हिरवं बटण ठेवलंय. निंबाखाली उभं राहून ते दाबलं की ऐकणाऱ्यालाही आपलं बोलून ठेवता येतं, मागून येणाऱ्यांसाठी. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, गोष्ट एकट्याची नसते.

जगदेव


मानोरा,
१६ मार्च २०२५

जब्बार, सलाम. रमजान मुबारक.

तुझ्या रोज्यांच्या दिवसांत मी पाण्याची बाटली पेटीच्या मागं लपवून प्यायचो, आणि तू आरशात बघून हसायचास. तुला साखरेचा त्रास आहे असं अनम म्हणत होती. तेव्हा हट्टानं रोजे धरले असशील तर सांभाळून.

मागच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की कागदावर लिहिणार नाही. आता तो तोरा बाजूला ठेवतो. कारण त्या निंबाखाली मला एक गोष्ट मिळाली आहे, आणि ती तुझ्यापासून एक दिवसही लांब ठेवणं पाप आहे. पण आधी माझं सांगायला हवं, नाहीतर ती तुला कळणार नाही.

मला अम्मा दिसली होती. धूळ वगैरे काही नव्हती. ती निंबाखालून निघून चालत गाडीकडं येत होती, वीस-पंचवीस पावलांवर. मी पायरीवर उभा होतो, माझी तिची नजरानजर झाली. आणि मी बेलची दोरी ओढली.

कारण सांगायला लाज वाटते, इतकं लहान आहे. तो अप-डाउनवाला मास्तर, पुढच्या बाकावर बसायचा तो, त्यानं सगळ्या गाडीसमोर विचारलं होतं, "कंडक्टरसाहेब, गाडी पॅसेंजरची हाय का बुढीच्या डब्याची?" सगळी गाडी हसली. मला झोंबलं. वाटलं, एक दिवस दाखवू यांना. एक दिवस. उद्या अम्माला म्हणू, गर्दी होती. उद्या आलाच नाही.

बस. एवढंच होतं. एकोणीस वर्षं गिळून बसलो होतो ते चार ओळींत मावलं.

आता दुसरं. परवा सुनेनं सांगितलं की निंबाखाली कुणीतरी हिरवं बटण दाबून बोलून गेलंय. मला वाटलं कुणीतरी पोरानं गाणं म्हणून ठेवलं असेल. गेलो. दुपारचं ऊन, निंबाला नवी पालवी. माझा आवाज संपला आणि लखीरामचा सुरू झाला. कॉलेजच्या पोरींनी त्याला बटण कसं दाबायचं ते शिकवलं म्हणे. मी ते तीनदा ऐकून कागदावर उतरवून घेतलं. त्याचेच शब्द देतो:

"मी लखीराम. जगदेवभौ, तुमचं बोलनं ऐकलं. तुमी म्हनता बुढी उभी राह्यली असन. पन ते उभी नाही राह्यली. गाडी गेली, तं माह्या बाकावर येऊन बसली. म्हने, आज गाडी भरेल हाय, माह्या पोट्ट्याइले थांबाले जमलं नाही. लखीराम, चाल तू जेव. मी म्हटलं, अम्मा, डबा त्याइचा हाय. तं म्हने, त्याइले उद्या देईन. मंग तिनं बी माह्यासंग खाल्लं. उसळ व्हती साबुदान्याची. मी विचारलं, अम्मा, तुमच्या घरी साबुदाना कायले? तं हसली. म्हने, धाकट्याचा उपास असते आज."

तू तिचा एकुलता एक, जब्बार. धाकटा कोण ते तुला मी सांगायला नको.

एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढं ती रस्त्यात डबा घेऊन उभीच होती. तुझ्याही असेल. आणि ती खरं तर बाकावर बसून जेवत होती, आपल्या दोघांची बाजू घेत. हे सांगणारा माणूस रोज त्याच जागी चहा विकत होता. आपण दोघं त्यानंतर तिथं कधी उतरलोच नाही, म्हणून कळलं नाही.

माझ्यावर राग धरायचा तर धर, तो तुझा हक्क आहे. पण लखीरामचं बोलणं एकदा त्या जागी उभं राहून ऐक. ईद झाली की ये. माझ्या घरी नाही आलास तरी चालेल.

जगदेव


मानोरा,
४ एप्रिल २०२५

जब्बार, सलाम, आणि ईदची मिठी उधार.

काल सून कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच माझ्यापुढं उभी राहिली. निंबाखाली नवा आवाज आलाय, म्हणाली. तिनं घरी बसून कॉम्प्युटरवर तो ऐकवला असता, तिला सगळी कुलुपं उघडता येतात. मीच नको म्हटलं. नियम मी केला होता, मोडायचा कसा?

आज सकाळच्या गाडीनं गेलो. लखीराम मला बघूनच उठला. ईदच्या तिसऱ्या दिवशी एक बुढा आला होता म्हणाला, संगं पोरगी, नांदेडच्या नंबरची कार. लई वेळ निंबाला हात लावून उभा होता. आधी चहा घेतलाच नाही. मग बोलून झाल्यावर दोन घेतले, बिनसाखरेचे, आणि नाक मुरडत प्याला. तेव्हा साखरेचं अनम म्हणते ते खरं आहे.

मग मी निंबाखाली गेलो. आधी माझा आवाज, मग लखीरामचा, आणि मग तुझा. घरी येऊन जेवढं आठवलं तेवढं लिहून काढलं, तुझे शब्द तुलाच पाठवतो, म्हणजे नंतर नाही म्हणू शकणार नाहीस:

"राम राम, जगदेव. तुले दिसली होती हे मले तवाच समजलं होतं. दोरी ओढ्याच्या आदी तू दर वेळी 'चाला' म्हनत जाय. त्या दिवशी म्हनला नाही. पन आता माह्यं आइक. आरसा माह्याकडं होता. मले बी दिसली. डबा वर करून दाखवून राह्यली होती. बेल तुही होती, पाय माहा होता. ब्रेक लावाले बेल लागत नाही. तो मास्तर मले बी झोंबला होता. अन् मंग मी घरी साऱ्याइले सांगितलं, जगदेवनं बेल मारली. कबरस्तानाजवळ तुले विचारलं ते याच्याचसाठी. तू हो म्हनला असता तं माह्यं वझं उतरलं असतं. तू नाही म्हनला. तवापासून तुह्या तोंडाकडं पाहाची हिंमत नाही झाली. तुह्यावर राग नव्हता, बापा. आज घरी येत नाही. आज मले तुह्यासमोर बोलता येनार नाही. पुढच्या गुरुवारी येतो, बाराच्या गाडीनं, कारनं नाही. इथं तुहा आवाज विचारून राह्यला, उतरता का पुढं. उतरलो, जगदेव."

मी रडलो. लपवून काय करू, लखीरामनं पाहिलं आणि तो काही पोटात ठेवणारा नाही. त्यानं मला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. तोच बाक आहे का विचारलं तर म्हणाला, पाय बदलले, फळी तीच.

एक तक्रार मात्र आहे. इतकी वर्षं मी समजत होतो की ओझं सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे. अर्धं तुझ्याकडं होतं तर सांगायचं होतंस, मला निदान अर्धी झोप तरी लागली असती. मोठा ना तू?

गुरुवारी दहा तारीख येते. बुधवारी रात्री साबुदाणा मीच भिजवणार आहे. वर्षाराणी करते म्हणाली, पण तिची उसळ चिकट होते, हे तिला सांगू नकोस. तीन वाट्यांचा डबा हरीओमनं माळ्यावरून काढून दिला. वरची तुझी, मधली माझी, खालची लखीरामची. त्यानं त्या दिवशी आपल्या वाटचं खाल्लं असलं तरी तिला एकटं जेवू दिलं नाही.

नवी शेड आली की उतर, आणि दोनशे पावलं मागं चालत ये. मी निंबाखाली असेन. गाडीवर त्या दिवशी देवलाच कंडक्टर आहे, माझ्या घंटीनं ज्याला रस्त्यात सोडलं तोच. मागं राहणं काय असतं ते त्याला आता चांगलं माहीत आहे. त्याला सांगून ठेवलंय की नांदेडचा एक म्हातारा इंझोरी फाट्याला उतरेल, त्याचे दोन्ही पाय खाली टेकल्याशिवाय बेल देऊ नको.

तुझा धाकटा,
जगदेव